एक खांदा गादीला

प्रिय शेंडेफळ,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ नुसती बसून होते. खोडून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण घरातल्या धाकट्या माणसाला दुसरं काय लिहितात ते मला माहीत नाही, आणि ‘माननीय अंतराळयात्री’ लिहिण्याइतकी मी अजून कडू झालेली नाही. तर राहू दे ते प्रिय. मात्र पुढचं सगळं रागाने लिहिलं आहे, हे आधीच सांगते. उभ्या उभ्या वाचत असशील तर कुठेतरी टेक.

तुझा निरोप पोचला. मंगळावर जाताना प्रत्येकाला घरचं म्हणून चपलांच्या खोक्याएवढं सामान नेता येतं, आणि त्यात तुला आईची शाल हवी आहे. अख्खी मावणार नाही, म्हणून मी तिचा हातभर तुकडा कापून पाठवायचा. आणि त्याखाली, जाता जाता लिहावं तसं, की तू मला तुझा ‘घरचा माणूस’ नेमलं आहेस. म्हणजे पुढची जवळजवळ तीन वर्षं तू नसताना इथून तुला निरोप पाठवणारी, खुशाली कळवणारी, आणि घरात काही वाईट झालं तर मोहिमेच्या साहेबांना विचारून ते तुझ्यापासून लपवून ठेवणारी. ‘ताई, तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार?’ असंही तू लिहिलंस. ते वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या प्रयोगाच्या त्या उतरत्या खाटेवर असते तर आगीला तेवढंही चढावं लागलं नसतं. तिथे माझं डोकं खालीच होतं.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘ताई, ऐक ना’ म्हणतेस आणि मी मूर्खासारखी ऐकत बसते. शिवाय पुढच्या सोमवारपासून तुम्हाला उड्डाणाआधीच्या विलगीकरणात आत घेणार, मग तुझं प्रत्येक पत्र आधी मोहिमेच्या त्या मऊ आवाजाच्या साहेबांच्या टेबलावरून जाणार. अजून तुझी पाकिटं तूच फोडतेस. म्हणून ही घाई आहे.

इकडे तुझं कौतुक उतू चाललं आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी तुझा फोटो लावला आहे, फ्रेमांच्या कपाटाच्या वर. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी फोटोकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि मग तोंडावर जरा निराशा येते. एका आजोबांनी विचारलं, तिथे घरं कधी मिळायला लागतील? मी म्हटलं, आधी इथले अक्षरं वाचायचे फलक नीट वाचा. परवा टीव्हीवर तुझी मुलाखत चालू होती. तू म्हणालीस, ‘हे पाऊल संपूर्ण मानवजातीचं आहे.’ मी तेव्हा एका काचेची कड घासत होते. हातातली काच टचकन गेली. मानवजात म्हणजे नेमकं कोण गं? त्या मानवजातीत मी येते का? आई यायची का? की आम्ही त्या पावलाखाली येतो?

तुला आठवतच असेल, पण मी पुन्हा सांगणार आहे, कारण तू हे सगळं तुझ्या भाषेत इतक्या वेळा सांगितलं आहेस की माझ्या भाषेत ते कधी झालंच नाही असं वाटायला लागलं आहे. काही वर्षांपूर्वी मालक दुकान नवीन करून घेत होते आणि मी दोन-तीन महिने घरी बसणार होते. तू आलीस आणि म्हणालीस, ताई, नुसतं पडून राहायचं काम आहे, करतेस का? अंतराळात हाडं झिजतात, रक्त डोक्याकडे चढतं, डोळ्यांवर परिणाम होतो. ते जमिनीवर तपासायचं तर माणसाला डोकं खाली, पाय वर अशा उतरत्या खाटेवर दोन महिने झोपवतात. तुझ्या प्रयोगाला स्वयंसेवक कमी पडत होते. आई तिथेच उभी होती. ती म्हणाली, ‘घे. जन्मभर लोळलीस, निदान आता शास्त्राच्या उपयोगी पडशील.’ आपण तिघी हसलो. तू सगळ्यांत जास्त.

नियम तूच लिहिले होतेस. बसायचं नाही, कोपरावर रेलायचं नाही, उशी नाही. कूस बदलायची असेल तर बदल, पण एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा. जेवताना, लिहिताना, तोंड धुताना. आंघोळसुद्धा तशाच उतरत्या ढकलगाडीवर, आणि बाकीच्या गोष्टींबद्दल मी लिहीत नाही, तुझ्याकडे त्यांचंही वजन करून ठेवलेलं आहे. पहिल्या आठवड्यात माझं तोंड असं सुजलं की नर्सबाईंनी आरसा नेऊन ठेवला. नाक कायम चोंदलेलं, जेवणाला चव नाही. पाठ अशी दुखायची की रडू यायचं, आणि रडलं की पाणी कपाळावरून केसांत जायचं. तरी मी कधी खांदा उचलला नाही. एकदाही नाही. छतावरच्या कॅमेऱ्यातून तू बघत असायचीस, स्वतःलाच विचार. मला वाटायचं, आपल्या धाकटीचं काम आहे, आपल्यामुळे बिघडायला नको. आईला दाखवायचंही होतं, की बघ, लोळण्यात तरी माझा हात कुणी धरणार नाही.

आईचं आणि माझं कसं होतं ते जगाला माहीत आहे. तू झालीस तेव्हा तिला जे हवं होतं ते मिळालं, त्याआधी मी म्हणजे तिने करून पाहिलेला प्रयत्न. यात तुझा दोष नाही, हे मी लहानपणीच स्वतःला समजावलं होतं. तुझी पहिली दुर्बीण आठवते? नळी बाबांनी त्यांच्या लिफ्टदुरुस्तीच्या सामानातून आणली, भिंग मी दुकानातून मागून आणलं, आणि तू गच्चीवर चंद्र बघितलास तेव्हा आईने पाठ थोपटली ती तुझीच. मला म्हणाली, ‘जिना नीट पुसलास का?’ मी त्या खाटेवर जायला निघाले त्या दिवशीही ती दाराशी येऊन काय म्हणाली माहीत आहे? ‘दार नीट ओढून घे, आपटू नकोस.’ हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तेव्हा ते शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं, त्यात कुणाची चूक नाही. पण नंतर ते तुला माहीत झालं, आणि मला झालं नाही, ती चूक कुणाची?

आई अचानक गेली. सकाळी चहा ठेवला आणि ओट्याशीच कोसळली, बाबा पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा तुझ्या खाटेवर निम्म्या वाटेवर होते. तुम्ही तिला पोचवून आलात, आणि संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलीस. एरवी तू माझ्या पायाशी उभी राहायचीस, हातात काहीतरी टिपायला घेऊन. त्या दिवशी तू माझ्या डोक्याशी जमिनीवर बसलीस, म्हणजे तुझं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. डोळे सुजले होते. मी विचारलं तर सर्दी म्हणालीस. मग लहानपणचं बोलत बसलीस, दुर्बिणीचं, बाबांच्या किल्ल्यांच्या जुडग्याचं, आणि बोलता बोलता रडायला लागलीस. मला वाटलं, कामाचा ताण. मला उठून तुला जवळ घ्यायचं होतं. पण खांदा! मी डावा खांदा गादीला तसाच दाबून धरला, उजवा हात लांब केला आणि तुझ्या डोक्यावरून फिरवत राहिले, दंडाला रग लागेपर्यंत. म्हणाले, होईल गं सगळं नीट. माझी आई मेली म्हणून तू रडत होतीस आणि मी तुझी समजूत काढत होते, तुझा नियम न मोडता! हे आठवलं की अजूनही भर दुकानात हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

आणि शाल. जाताना तू ती माझ्या अंगावर घातलीस. ‘आईने दिली आहे. म्हणाली, तिथे गार असेल, ताईला दे.’ आई आणि शाल देणार! ती शाल तिने कधी मला हात लावू दिली नव्हती. तुझ्या नवव्या की दहाव्या वाढदिवसाला मी ती पांघरून नाचले म्हणून मार खाल्ला होता. माझं डोकं ठिकाणावर असतं तर तिथेच मला शंका आली असती. पण ते खाली होतं, आणि खरं सांगू, मला शंका घ्यायचीच नव्हती. मी ती शाल नाकाशी धरली. चोंदलेल्या नाकाला वास आला नाही, तरी धरली.

मग रोज निरोप यायला लागले. ‘आई विचारते, जेवलीस का नीट?’ ‘आई म्हणते, तू नाहीस तर घर कसं सुनं वाटतं.’ ‘आई शेजारी सांगत होती, थोरलीची चिकाटी काय आहे बघा.’ शेंडेफळ, ही असली वाक्यं आई जन्मात बोलली नसती! पण मी एकेक वाक्य दिवसभर पुरवून वापरायची. मला वाटलं, दूर गेल्यावर माणसाला किंमत कळते म्हणतात, तसं झालं असेल. मीही उलट निरोप द्यायची. आईला सांग, घरी आले की तिला नवीन चष्मा करून देते, तिचा तो जुना नाकावरून घसरतो. तिला सांग, मी परत आले की आपण दोघीच कुठेतरी जाऊ. तू मान डोलवायचीस. ‘सांगते’ म्हणायचीस. कुणाला सांगायचीस गं?

आणि त्या अख्ख्या इमारतीला माहीत होतं. नर्सबाईंना माहीत होतं; माझी चेष्टा करायच्या त्या एकदम बंद झाल्या. फरशी पुसणाऱ्या मावशींना माहीत होतं. त्या येताना उगाच माझ्या पायाला हात लावून जायच्या. मला वाटायचं, लोक किती मायेचे आहेत. एकटी मी सोडून सगळ्यांना माहीत होतं की या बाईची आई नाही.

शेवटच्या दिवशी मला उभं केलंत. तळपाय बाळासारखे मऊ झाले होते, फरशी टोचत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आधी आईला फोन लावा. तू म्हणालीस, ‘एवढी एक तपासणी होऊ दे.’ मग अजून एक. रक्त काढून झालं, मला टेकवून, उठवून, पुन्हा टेकवून नाडी मोजून झाली, आणि शेवटचा आकडा टिपल्यावर तू माझ्यासमोर खुर्ची ओढलीस. त्यानंतर मी काय केलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की माझ्या मनगटावरचा नाडी मोजणारा पट्टा अजून काढला नव्हता, आणि तुझा एक सहकारी पडद्याकडे बघत होता.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. आई तर गेलीच होती, ताई उठून काय करणार होती? आठ जणांचे दोन महिने, त्यातली एक खाट मध्येच रिकामी झाली असती तर सगळं पुन्हा करावं लागलं असतं. पुढे जे जाणार आहेत त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. यातलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणूनच चीड येते. तुझी बेरीज बरोबर आहे. पण त्या बेरजेत माझी आई ही माझी होती, हे कुठे धरलं होतंस? मी काय करणार होते म्हणतेस? काही नाही. तिच्या तोंडावरून हात फिरवला असता. तिच्यावर रागावले असते, तुझ्यादेखत, बाबांच्यादेखत. तो राग तिच्याबरोबर गेला असता. आता तो माझ्याकडे राहिला आहे आणि जायला जागा नाही. वर तू मला एक गोड आई तयार करून दिलीस, जी कधी नव्हतीच. महिनाभर मला वाटलं की मला आई मिळाली. मग एका खुर्चीवर बसून तू दोघींना एकदम मारलंस. खरीला आणि त्या दुसरीला. खरीसाठी मी अजून नीट रडलेले नाही, कारण रडायला बसले की ती दुसरीच डोळ्यांसमोर येते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

बाबांनीही तेव्हा मूग गिळले. तू सांगितलंस, मोठं काम आहे, आणि ते गप्प बसले. बाबा! ज्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आपल्याला एकच गोष्ट शिकवली, की आत अडकलेल्या माणसाला खोटी वेळ सांगायची नाही. तास लागणार असेल तर बाहेरून ओरडून तास सांगायचा. ‘आत्ता येतो’ म्हटलं की आतला माणूस दोन मिनिटं थांबतो आणि तिसऱ्या मिनिटाला दार फोडायला लागतो. त्यांना मी नंतर हे ऐकवलं. ते इतके लहान दिसले की पुढे बोलायचं जिवावर आलं.

हे सगळं मी पोटात ठेवलं होतं. बहीण आहे, चुकली, तरुण होती, वर जायचं वेड होतं. मग मागच्या वर्षी तू तुझ्या भाषणाचा व्हिडिओ पाठवलास, कौतुकाने. त्यात मी निघाले. ‘पाचवी स्वयंसेविका.’ नाव नाही, म्हणजे माझी अब्रू राखलीत, आभारी आहे. पडद्यावर माझ्या मनाची रेघ होती, रोज मला विचारून टिपलेल्या मनःस्थितीची. आई गेली त्या दिवसानंतर ती वर चढत गेलेली! आणि तू काठीने दाखवत शांतपणे सांगत होतीस, की दुःखद बातमी रोखून ठेवून घरचे प्रेमळ निरोप देत राहिलं तर प्रवाशाची मनःस्थिती बिघडत नाही, उलट सुधारते. सुधारणारच ना! पस्तिशी उलटून गेल्यावर पहिल्यांदा आई माझ्याशी गोड बोलत होती! ते तुझ्या रेघेत कुठे दिसतं? आणि खुर्चीवर बसून सांगितलंस त्यानंतरची रेघ कुठे गेली? अभ्यास तिथे संपला होता म्हणे. माझा नाही संपला. त्या भाषणावरून मोहिमेचा नियम झाला. आता कुणाचीही आई मेली, मूल मेलं, तर वर गेलेल्याला कळवायचं नाही, परत येईपर्यंत गोड निरोप धाडायचे. हा नियम माझ्या आईच्या मरणावर उभा आहे, आणि तो पाळायला तुला माणूस हवा तर तो मीच?

नातेवाइकांच्या बैठकीला आम्ही आलो होतो तेव्हा तू आत सरावात होतीस, म्हणून तुला सांगते काय झालं. कागदी कपांतून चहा दिला. मऊ आवाजाचे साहेब साखरेत घोळून बोलत होते. मंगळावरच कुणी दगावलं तर शरीर परत आणता येईलच असं नाही, हे त्यांनी असं सांगितलं की जणू एखादी बॅग मागाहून येणार आहे. यान चालवणाऱ्या त्या उंच मुलाची बायको तिथे होती, मांडीवर बाळ. तिने विचारलं, आणि याला काही झालं तर? साहेब म्हणाले, ‘आपण त्यांची एकाग्रता जपू.’ ती म्हणाली, ‘म्हणजे मी एकटीने सोसायचं आणि वर त्याला हसून दाखवायचं?’ बाबांनी हात वर केला आणि विचारलं, ‘परतीचं तिकीट आधीच काढलेलं आहे ना?’ सगळे हसले. बाबा हसले नव्हते.

तू म्हणशील, ताईला आम्ही जायलाच नको आहे. तसं असतं तर सोपं होतं. मी तुला भिंग आणून दिलं होतं गं. माणसाने वर जावं, बघावं, दगड आणावेत, मला सगळं मान्य आहे. तुझी निवड झाली त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला होता, त्या भाषणानंतरसुद्धा. मला चीड याची आहे की ज्यांना जायचं आहे ते स्वतःचा जीव पणाला लावतात एवढंच सगळे बघतात. ते आमचाही लावतात, आणि आम्हाला विचारत नाहीत. विचारलं तरी सही आधी घेतात आणि समजावतात नंतर. माझ्याही सहीच्या वर लिहिलेलं होतं, की घरच्या संपर्कावर संशोधकांची देखरेख राहील. मी वाचलं नाही, कारण कागद तू पुढे केला होतास. त्या एवढ्याशा डब्यात बसून तुम्ही तिकडे नवीन वस्ती करायला निघालात. जी माणसं आईच्या मरणाची बातमी द्यायला कचरतात, ती तिथे कसली वस्ती करणार? तिथे पहिलं कुणी मेलं तर काय कराल? शेजारच्या खोलीत निरोप पाठवाल, की तो बरा आहे, तुझी आठवण काढतो?

तर उत्तर ऐक. मी तुझा ‘घरचा माणूस’ होणार नाही. तुझ्यासाठी गोड वाक्यं रचणार नाही. मला ती जमतील हे मला माहीत आहे, उत्तम जमतील, तुझ्याकडूनच शिकले आहे. म्हणूनच नाही. त्या जागी साहेबांना कुणी पगारी माणूस नेमू दे.

आता शेवटचं. एवढं सगळं मी ज्या एका गोष्टीसाठी लिहिलं ती अजून लिहिलेलीच नाही, हात पुढे जात नव्हता. परवा इस्त्रीला बाबांचे शर्ट निघाले, सगळेच्या सगळे, एकदाच घातलेले. मी म्हटलं, हे काय, दिवसातून चार वेळा बदलता का? ते उडवाउडवी करायला लागले. काल मी दुकानातून लवकर आले, तर एवढ्या उकाड्यात बाबा स्वेटर घालून, घामाने निथळत, फोनसमोर बसले होते आणि म्हणत होते, ‘आज जरा गारठा आहे गं. ताई मजेत आहे. माझी तब्येत ठणठणीत.’ पलंगावर शर्टांची रास. ते तुझ्यासाठी तीन वर्षांचे निरोप भरून ठेवत होते, दर निरोपाला वेगळा शर्ट. बाबांच्या फुप्फुसात गाठ आहे, पसरली आहे. डॉक्टर म्हणाले वर्ष, फार तर सव्वा. त्यांना महिन्याभरापासून माहीत आहे. मला म्हणाले, ‘तिला कळलं तर ती जाणार नाही, आणि ते खापर मला माझ्या डोक्यावर नको. ती उडेपर्यंत गप्प बस, मग हे एकेक पाठवत राहा.’ मी म्हटलं, आणि अडकलेल्या माणसाला खोटी वेळ सांगायची नाही त्याचं काय? तर म्हणाले, ‘ते परक्यांसाठी होतं गं.’ मी त्यांच्यावर ओरडले, त्यांच्या पायाशी बसून रडले, पण वचन दिलं नाही. म्हणून तुला सांगते आहे, सोमवारच्या आत. यात सूड आहे का? थोडा असेल, मी काही देवमाणूस नाही. पण तू माझ्याकडून जे काढून घेतलंस ते मी तुझ्याकडून काढून घेणार नाही. तुला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही आणि नंतर टोमणे मारणार नाही, बाबांचंही सगळं मी बघेन. राहायचं असेल तर राहा. पण जे करशील ते माहीत असून कर. शाल अख्खी पाठवते आहे, कातरी मी लावणार नाही, तुझी तू लाव. आणि हे वाचून झालं की आधी घरी फोन कर. बाबा उचलतील आणि म्हणतील सगळं ठीक आहे. तेव्हा त्यांना एवढंच विचार, बाबा, आज कितवा शर्ट?

एवढी भांडूनही तुझीच,
ताई